फुटबॉल गेला, मुंग्या आल्या

मागच्या अंकात मी सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, जाहिरातींवर लिहिलं होतं. २०२५ साली त्या एका सामन्यात तीस सेकंदांचा दर ८० लाख डॉलरपर्यंत गेला, तो कसा आणि का, असा तो विषय होता. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली चार आज घेते. सदर पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी सांगते : मी मूळची वाईची. डेट्रॉइटजवळच्या एका जाहिरात कंपनीत अठ्ठावीस वर्षं टीव्हीवरचा वेळ विकत घेण्याचं काम केलं. आमचे ग्राहक बहुतेक मोटार कंपन्यांचे, त्यामुळे फुटबॉल हा माझ्या नोकरीचा अर्धा भाग होता. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, चेंडू काखेत मारून पळायचा खेळ. एनएफएल ही त्याची मोठी लीग.

माझी मुलगी न्यू जर्सीत असते. रविवारी रात्रीची तिची आवडती मालिका ती रेकॉर्डवर लावते, तर पहिला अर्धा तास फुटबॉल निघतो आणि मालिकेचा शेवटच गायब! एवढ्या प्रगत देशात वेळापत्रक का पाळत नाहीत?
(एक वाचक, नाशिक)

ताई, तुमच्या मुलीचा शेवट १९६८ सालापासून हरवतोय. त्या वर्षी १७ नोव्हेंबरला ओकलंड रेडर्स आणि न्यूयॉर्क जेट्स यांचा सामना एनबीसी या वाहिनीवर चालू होता. जेट्स ३२-२९ ने पुढे होते, ६५ सेकंद उरली होती आणि न्यूयॉर्कच्या घड्याळात सात वाजले. सातला 'हायडी' हा लहान मुलांचा टीव्ही चित्रपट ठरलेला होता. वेळापत्रक पाळलं गेलं. देशाच्या मोठ्या भागात पडद्यावर आल्प्सचे डोंगर आले आणि तिकडे मैदानात रेडर्सनी नऊ सेकंदांत दोनदा गोल रेषा ओलांडून सामना ४३-३२ असा जिंकला. तो शेवट लोकांना दिसलाच नाही.

खरं म्हणजे सामना पुढे चालू ठेवायचा, असं वरिष्ठांनी आयत्या वेळी ठरवलं होतं. पण प्रेक्षकांच्या फोनांनी एनबीसीचा स्विचबोर्ड इतका तुंबला की तो निरोप नियंत्रण कक्षापर्यंत पोचलाच नाही. पुढे असं होऊ नये म्हणून तिथे वेगळी फोन लाइन बसवली. तिला 'हायडी फोन' म्हणत. त्यानंतर सामना संपेपर्यंत दाखवायचा, हा नियमच होऊन गेला.

दुपारी ४ वाजून २५ मिनिटांचा सामना तीन तासांच्या वर जातो, म्हणजे पूर्व किनाऱ्यावर साडेसात होतात. मग पुढचं सगळं तेवढं सरकतं. मुलगी कॅलिफोर्नियात असती तर तिथे सामना दुपारीच संपला असता आणि तुमचं पत्र आलं नसतं. तिला सांगा, रविवारी मालिकेच्या पुढचा कार्यक्रमही रेकॉर्डवर लावायचा, किंवा वेळ एक तासाने वाढवून ठेवायची. माझ्या घरी सप्टेंबर ते जानेवारी हाच रिवाज आहे.

वाहिनीला या उशिराचं दुःख नसतं, हेही सांगून ठेवते. सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला पडद्यासमोर असलेली माणसं पुढच्या कार्यक्रमाला आयती मिळतात. १९९६ च्या सुपर बोलनंतर एनबीसीने 'फ्रेंड्स'चा एक भाग दाखवला, तो जवळजवळ ५ कोटी २९ लाख लोकांनी पाहिला. त्या मालिकेला तेवढा प्रेक्षक आधी नाही, नंतरही कधी मिळाला नाही.

मी निवृत्त बँक अधिकारी. तुम्ही लिहिलंत की एनएफएलच्या ११ वर्षांच्या हक्कांसाठी वाहिन्या मिळून सुमारे ११ हजार कोटी डॉलर देणार आहेत. जाहिरातींतून एवढी वसुली होते का? होत नसेल तर हा शुद्ध वेडेपणा नाही का?
(एक वाचक, पुणे)

साहेब, १९९३ च्या डिसेंबरात आमच्या ऑफिसात हाच शब्द वापरला गेला होता. इंग्रजीत, पण अर्थ तोच.

तेव्हाची स्थिती अशी. सीबीएस, एनबीसी आणि एबीसी या तीन जुन्या वाहिन्या. रूपर्ट मरडॉक यांची फॉक्स १९८६ ची, धाकटं पोर. सीबीएसकडे १९५६ पासून एनएफएल होतं आणि त्यातही एनएफसी नावाचा गट, ज्यात डॅलस, शिकागो, न्यूयॉर्क अशी मोठ्या शहरांची संघमंडळी. फॉक्सने त्या गटासाठी चार वर्षांचे १५८ कोटी डॉलर सांगितले. सीबीएसच्या देकारापेक्षा ते वर्षाला जवळजवळ दहा कोटी डॉलरने जास्त होते. सीबीएसने हिशेब केला, एवढी वसुली होत नाही असं म्हटलं आणि फुटबॉल जाऊ दिला. वहीतलं गणित बरोबरच होतं. माझ्या टेबलावरही मी ते मांडून पाहिलं होतं, उत्तर तेच आलं.

चूक कुठे झाली, ते मे महिन्यात कळलं. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. अमेरिकेत सीबीएस किंवा फॉक्स ही वाहिनी थेट तुमच्या घरात येत नाही. प्रत्येक शहरात स्थानिक केंद्र असतं. बहुतेक केंद्रं वेगळ्याच मालकाची असतात आणि ती कुठल्या तरी वाहिनीशी करार करून तिचे कार्यक्रम दाखवतात. मे १९९४ मध्ये न्यू वर्ल्ड नावाच्या कंपनीत फॉक्सने ५० कोटी डॉलर गुंतवले आणि बदल्यात त्या कंपनीची बारा केंद्रं फॉक्सकडे आली. डेट्रॉइट, अटलांटा, मिलवॉकी, क्लीव्हलँड, डॅलस, टॅम्पा, सगळीकडची जुनी, सीबीएसची केंद्रं. फॉक्सकडे फुटबॉल नसता तर त्यांतलं एकही हललं नसतं. घरच्या संघाचा सामना ज्याच्याकडे, त्याच्याकडे शहर.

डेट्रॉइटमध्ये सीबीएस २ नंबरवर दिसायचं. ११ डिसेंबर १९९४ ला २ नंबर फॉक्सचा झाला. सीबीएसला शहरात दुसरं मोठं केंद्र मिळेना, तेव्हा त्यांनी ६२ नंबरचं छोटं केंद्र विकत घ्यायचा करार केला. ते १९७५ साली सुरू झालेलं, अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं कृष्णवर्णीयांच्या मालकीचं पहिलं टीव्ही केंद्र. त्याचा असा शेवट व्हावा, याचं मला अजून वाईट वाटतं. शहरातल्या कितीतरी घरांत ते नुसतं चॅनल नव्हतं.

त्या हिवाळ्यात माझे वडील, अण्णा, आमच्याकडे पुन्हा आले होते. वाईला शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस. इंग्रजी वाचायचं चांगलं, बोललेलं कळायला वेळ लागायचा. त्यांना एकच कार्यक्रम आवडायचा, सीबीएसवरचा रविवारी सातचा 'सिक्स्टी मिनिट्स'. त्या घड्याळाची टिकटिक सुरू झाली की हातातला चहा खाली ठेवायचे. फुटबॉल त्यांना अजिबात कळत नव्हता, पण आधीच्या मुक्कामात, सामने सीबीएसवर होते तेव्हा, कार्यक्रम चुकू नये म्हणून सामन्याचा शेवटचा अर्धा तास शांतपणे बघत बसायचे. तेव्हा मी त्यांना म्हटलंही होतं, "अण्णा, तुमच्यासारख्यांमुळेच त्या कार्यक्रमाला एवढे आकडे मिळतात."

११ डिसेंबरला रविवारच होता. मी चॅनल ६२ वर लावलं तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. २ ते १३ नंबर एका प्रकारच्या लहरींवर चालायचे आणि १४ पासूनचे दुसऱ्या, त्यांना वेगळी गोल कडीची अँटेना लागायची. आमच्या छपरावरची अँटेना जुनी, तिला ६२ नीट पकडताच येईना. नवरा टीव्हीमागे उभा राहून वायर फिरवतोय, मी "थांब, थांब, आलं" म्हणतेय, आणि अण्णा त्या मुंग्यांतून टिकटिक ऐकताहेत, हे दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. नवी अँटेना आणेपर्यंत तीन रविवार गेले.

सोमवारी ऑफिसात गेले तेव्हा मला त्या हिशेबातली चूक दिसली. सीबीएसने सामन्याचा खर्च आणि सामन्यातल्या जाहिराती, एवढंच एकासमोर एक मांडलं होतं. अण्णा त्या गणितात कुठेच नव्हते. फुटबॉलच्या शेपटाला धरून येणारा सातचा प्रेक्षक, त्यातून आठच्या मालिकेला जाणारा, सामन्याच्या मधे मधे दाखवलेल्या नव्या मालिकांच्या झलकांमुळे मंगळवारी परत येणारा, आणि या सगळ्याच्या मुळाशी असलेलं २ नंबरचं केंद्र, हे त्या वहीत नव्हतं. 'सिक्स्टी मिनिट्स' नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देशात पहिल्या क्रमांकावर होता. फुटबॉल गेल्यावर तो खाली घसरला. कार्यक्रम तोच, वार्ताहर तेच. आणि डेट्रॉइटच्या त्या ६२ नंबरवर सीबीएसचं स्वतःचं पूर्ण क्षमतेचं बातमीदालन उभं राहायला २०२३ साल उजाडलं. एका कराराची किंमत किती वर्षं चुकती होते, ते बघा.

सीबीएसने १९९८ मध्ये दुसरा गट, एएफसी, वर्षाला सुमारे ५० कोटी डॉलर देऊन मिळवला. ज्या गटासाठी त्यांनी कमी पैशांत हात आखडला होता, त्यापेक्षा बरेच जास्त. तेव्हा एनबीसी बाहेर पडली. तिने २००१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ या कुस्ती कंपनीच्या भागीदारीत एक्सएफएल नावाची नवी लीग काढून पाहिली. पहिल्या रात्री गर्दी झाली, काही आठवड्यांत आकडे तळाला गेले, लीग एका मोसमात बंद. म्हणजे नुसता खेळ असून भागत नाही, लोकांचा घरचा संघ लागतो. शेवटी २००६ पासून रविवार रात्रीचा सामना एनबीसीने घेतला आणि २०११-१२ पासून तो मुख्य वेळेतला देशातला सर्वांत जास्त पाहिला जाणारा कार्यक्रम आहे.

तेव्हा वेडेपणा म्हणू नका. २०२३ साली अमेरिकेत सर्वांत जास्त पाहिल्या गेलेल्या १०० प्रक्षेपणांपैकी ९३ एनएफएलचे सामने होते. ज्याच्या हातात ते नाहीत, त्याच्याशी केबल कंपनी कशाला बोलेल? १९९२ च्या कायद्याने स्थानिक केंद्रांना केबल कंपन्यांकडून पैसे मागायचा हक्क दिला आणि त्या वाटाघाटीत फुटबॉल हा हुकमाचा एक्का असतो. २०२३ च्या ३१ ऑगस्टला डिस्ने आणि चार्टर ही केबल कंपनी यांचं फाटलं, जवळजवळ दीड कोटी घरांतून डिस्नेची खेळांची वाहिनी ईएसपीएन गेली, आणि भांडण मिटलं ते ११ सप्टेंबरला, मोसमातला पहिला सोमवारचा सामना सुरू व्हायच्या काही तास आधी. तारखा बोलतात.

मला खुपतं ते पुढचं. हे पैसे शेवटी केबलच्या बिलात येतात आणि ते बिल फुटबॉल न बघणाराही भरतो. आमच्या मंडळातल्या कितीतरी आजी-आजोबांनी आयुष्यात एक सामना बघितला नाही, पण दर महिन्याला त्यांच्या पेन्शनमधून त्यातला वाटा जातो. बँकेत तुम्ही असं शुल्क लावलं असतंत तर ग्राहकाला कागदावर दाखवावं लागलं असतं. इथेही ते वेगळं, ठळक अक्षरांत दाखवावं, असं माझं ठाम मत आहे.

आयपीएलच्या दिवसांत आमच्या घरी साडेसातपासून रिमोटवरून भांडण. मालिकावाले अशा वेळी काय करतात? अमेरिकेत इतर वाहिन्या सुपर बोलच्या रात्री बंदच ठेवतात का?
(एक वाचक, सांगली)

बंद नाही, पण जपून. चांगला भाग, मालिकेतलं मोठं वळण त्या रात्री कोणी खर्ची घालत नाही. जुनं काहीतरी लावतात, किंवा ज्याला सामना नकोच आहे अशा माणसासाठी काहीतरी शोधतात. अ‍ॅनिमल प्लॅनेट २००५ पासून त्या दिवशी कुत्र्याच्या पिल्लांचा खेळ दाखवतं, आणि तो आवडीने बघणारं मोठं घराणं तयार झालं आहे.

एकदा मात्र कोणीतरी समोरून अंगावर गेलं. १९९२ मध्ये सामना सीबीएसवर होता. मध्यंतरात स्केटिंग, बँडपथक असा हिवाळ्यावरचा कार्यक्रम होता. फॉक्सने नेमका तेवढ्या वेळात 'इन लिव्हिंग कलर' या विनोदी कार्यक्रमाचा ताजा भाग थेट दाखवला आणि दोन कोटींच्या वर माणसं तिकडे गेली. पुढच्या वर्षी मध्यंतरात मायकल जॅक्सनला उभं केलं गेलं. आज मध्यंतराचा कार्यक्रम एवढा मोठा झालाय, त्याचं मूळ त्या अर्ध्या तासाच्या चोरीत आहे.

तुमच्या घरच्या भांडणाला मात्र माझ्याकडे एकच तोडगा आहे. मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागते, सामना लागत नाही. घरात मालिका बघणाऱ्यांना दुपारचा रिमोट पूर्ण हक्काने द्या, आणि त्या वेळी कोणी मधे बोलायचं नाही.

मी कोल्हापूरची, पत्रकारिता शिकते. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम आणि तालमींचे संघ. सुपर बोल १२ कोटी ७७ लाख लोकांनी पाहिला असं वाचलं. एवढी माणसं कोणी मोजली? आणि आमच्या सामन्यांच्या ऑनलाइन प्रक्षेपणाचे आकडे खरे कसे समजायचे?
(एक वाचक, कोल्हापूर)

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. पाटाकडील आणि खंडोबाच्या सामन्याला भरलेलं शाहू स्टेडियम मी एकदाच पाहिलंय, पण घरचा संघ म्हणजे काय ते तुला समजावून सांगायची गरज नाही.

आधी दोन शब्द. तुझ्या गल्लीत टीव्ही असलेली १०० घरं आहेत असं धर. त्यातल्या ६० घरांत आत्ता टीव्ही चालू आहे आणि ३० घरांत सामना. मग सामन्याचं रेटिंग ३० आणि शेअर ५०. पहिला आकडा सगळ्या घरांतून, दुसरा फक्त चालू टीव्हींतून. बातमी लिहिताना हे दोन एकमेकांत मिसळू देऊ नकोस.

१२ कोटी ७७ लाख हा आकडा ९ फेब्रुवारी २०२५ चा, फिलाडेल्फिया ईगल्स विरुद्ध कॅन्सस सिटी चीफ्स. तो नील्सन या कंपनीने मोजला. सगळ्यांना विचारून नाही, मुख्यतः निवडलेल्या घरांत यंत्र बसवून, त्यावरून देशाचा अंदाज काढून. आपल्याकडे बार्क हेच करते. आणि हा आकडा मिनिटांची सरासरी आहे. सामन्याच्या कुठल्याही मिनिटाला सरासरी किती माणसं बघत होती, तो. दुसऱ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चार भागांतल्या दुसऱ्यात, तो १३ कोटी ७७ लाखांवर गेला होता. मध्यंतराला ईगल्स २४-० ने पुढे होते, सामन्यातली चुरस तिथेच संपली. आम्ही जाहिरात घेणाऱ्यांची झोप उडते ती अशाच सामन्यांनी, कारण चौथ्या क्वार्टरमधल्या जागेलाही तितकेच पैसे मोजलेले असतात. आदल्या वर्षीचा सामना जादा वेळेत २५-२२ असा सुटला होता, तेव्हा शेवटचा जाहिरातदारही खूश होता.

आता 'आजवरचा विक्रम' हे शब्द वापरण्याआधी थांब. मोजायची पद्धत बदलत आली आहे. हॉटेलात, बारमध्ये, विमानतळावर, दुसऱ्याच्या घरी बसून बघणारा माणूस पूर्वी देशाच्या आकड्यात धरतच नसत. त्यासाठी काही लोकांकडे खिशात ठेवायचं छोटं यंत्र दिलं जातं. कार्यक्रमाच्या आवाजात माणसाला ऐकू न येणारी खूण मिसळलेली असते, ती ते ओळखतं. हे आकडे २०२० पासून धरायला लागले, आणि फेब्रुवारी २०२५ पासून अलास्का व हवाई सोडून सगळीकडचे. सुपर बोल काय किंवा थँक्सगिव्हिंग या सणाच्या गुरुवारचे सामने काय, हे तर नातेवाइकांच्या घरी बसूनच बघायचे. तेव्हा आकडा वाढला त्यातला काही भाग नव्या प्रेक्षकाचा, काही भाग आधीही असलेल्या पण मोजल्या न गेलेल्या माणसांचा. दोन्ही वाढी एकच नव्हेत.

तुलना करायची तर ही कर. २८ फेब्रुवारी १९८३ ला सीबीएसवर 'मॅश' मालिकेचा शेवटचा भाग लागला. सुमारे १० कोटी ५९ लाख प्रेक्षक, रेटिंग ६०.२. म्हणजे टीव्ही असलेल्या दर शंभर घरांपैकी साठ. कुठल्याही सुपर बोलचं सर्वांत मोठं रेटिंग १९८२ चं, ४९.१. माणसं मोजली तर फुटबॉल २०१० मध्येच पुढे गेला. घरांचं प्रमाण मोजलं तर ती मालिका अजून पहिली आहे. दोन्ही विधानं खरी आहेत. तू कुठलं छापतेस ते बातमीत लिहीत जा.

तुमच्या सामन्यांचं सांगते. यूट्यूबवर सामन्याखाली 'इतके व्ह्यूज' असा जो आकडा येतो, त्यावर बातमी करू नकोस. दोन मिनिटं डोकावून गेलेला आणि पूर्ण सामना बघितलेला, दोघेही त्यात एकेक. त्याऐवजी थेट प्रक्षेपण चालू असताना 'आत्ता बघत आहेत' हा आकडा दिसतो, तो दर पाच मिनिटांनी वहीत लिही. शेजारी वेळ आणि गोल. सामना संपला की सगळ्यांची बेरीज करून तितक्या नोंदींनी भाग. ती तुझी सरासरी. गोल झाल्यावर आकडा किती मिनिटांनी वर जातो तेही दिसेल, कारण कोणीतरी कोणाला तरी फोन करतं. चहाच्या टपरीवर एका मोबाइलभोवती सहा जण उभे असतील तर तेही मोजून वेगळ्या रकान्यात लिही, बेरजेत मिसळू नकोस.

एका मोसमाच्या दहा सामन्यांची वही भरली की मला पाठव. पानांचे फोटो चालतील.